मेश्रामकाकांचा धुरा

आमच्या शेजारच्या मेश्रामकाकांच्या लॅपटॉपजवळ कायम एक प्लास्टिकची फूटपट्टी असते. डिस्कचे हिस्से पडद्यावर रंगीत पट्ट्यांत दिसतात ना, ते काका चक्क मोजतात. मोजणी खात्यात जन्म गेला, कुहीकडच्या शेतांतून साखळी ओढत फिरले, आता रिटायर होऊन हे. पार्टिशनला पार्टिशन म्हणतील तर शपथ. त्यांच्यासाठी तो धुरा, दोन वावरांमधला बांध.

एका लॅपटॉपवर तीन सिस्टिम कशाला, हे मला कधी कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, तीन भावायचं वावर नसते का गा? मागच्या महिन्यात त्यांनी डावीकडची सिस्टिम पुसली. ती जागा झाली ‘पडीक’. ती आपल्या लिनक्सला जोडायची, बस एवढंच. पण लिनक्स पार उजव्या टोकाला आणि मधे एक विंडोज. टूल काही केल्या जोडू देईना. काकांनी चार टूलं बदलली, चारही लाचखोर ठरवली, आणि मग मला बोलावलं. मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसतो ना.

मी पाहिलं आणि हसलोच. म्हटलं, मधलं विंडोज उडवा, दोन मिनिटांचं काम. नाहीतर डावीकडे सरकवू. फक्त सरकवताना गडबड झाली तर आतलं सगळं जाईल.

काकांनी माझा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला.

मधलं विंडोज प्रज्ञाचं, त्यांच्या मुलीचं. लॅपटॉपही तिचाच. लग्नावरून बापाशी भांडून, तो इथेच टाकून ती बंगळूरला गेली. तीन वर्षं झाली, फोनसुद्धा नाही. काकांनी तिची सिस्टिम सुरू केली. पडद्यावर तिचं नाव आलं, खाली पासवर्डची रिकामी चौकट. पासवर्ड काकांना माहीत नाही. आत काय आहे, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही.

मला राहवेना. “मंग ठेवता काहून, काका?”

“जन्मभर लोकायचे धुरे कोरलेले पकडले म्या. उद्या पोरगी आली अन् तिच्या हिश्श्यात बोटभर कमी निघालं, तं तिले काय तोंड दाखवू?”

फार वाईट वाटलं मला. मी कशालाही हात न लावता चपला घालायला उठलो. काका अजून त्या चौकटीकडेच पाहत होते.

“तीन वर्सं झाले गा,” ते म्हणाले. “तिले पासवर्ड आठवन ना?”

आठवेल, म्हटलं. मला काय माहीत.