बिजली आणि बाराचा भोंगा

नवरदेव ओंकार मारुतीच्या देवळातून बाहेर येऊन बग्गीत चढला तेव्हा पावणेबारा वाजले होते, आणि हसनने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. कुवेतची ड्रायव्हरकी सोडून महाडात लग्नाच्या बग्गीचा धंदा काढला, त्यातली ही पहिलीच मिरवणूक. त्यातून मुलीचे वडील हैबतराव म्हणजे निवृत्त एसटी कंट्रोलर. "मुहूर्त बारा छत्तीसचा. मिनिटभर जरी उशीर झाला, तर महाड-पोलादपुरात तुमची बग्गी कोण दारात उभी करणार नाय, एवढं बघतो," असं त्यांनी ठरवतानाच बजावलं होतं. हैबतराव बोललेलं करून दाखवणारे.

मिरवणूक झकास निघाली. काशीरामच्या बँडने सूर धरला, मित्रमंडळींनी डोळे मिटून नाच धरला, बिजली घोडी डुलत चालली. इतक्यात औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीचा बाराचा भोंगा वाजला.

हसनचं घर वसाहतीच्या वाटेवरच. भोंगा झाला की त्याची बायको महरुन्निसा पेंडीची बादली घेऊन अंगणात येणार, हा रोजचा शिरस्ता. जनावराला वेळेची शिस्त हवी, असं हसनच म्हणायचा. बिजली त्या शिस्तीची पक्की निघाली. तिने कान टवकारले, पहिल्या फाट्याला बग्गी वळवली आणि नवरदेवासकट घराकडे सुटली.

"चाचा, रस्ता राँग हाय ना?" ओंकारने फेटा सावरत विचारलं.

"शॉर्टकट हाय," लगाम खेचत हसन म्हणाला. लगामाला कोण विचारतो!

मागे मंडळी नाचतच होती. नवऱ्याला फोटोला नेलं असेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

अंगणात बादली ठेवून महरुन्निसाने वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, हा कोणाचा नवरा उचलून आणलात?"

"गप गो! आधी ती बादली उचल."

"तुमीच उचला. मागच्या खेपेला माझी ओढणी फाडलीन हिनं."

हसनने घोडीला ओढलं, चुचकारलं, शेवटी हात जोडले. बिजलीने बादलीत घातलेलं तोंड काही वर केलं नाही. बारा दहा झाले, बारा वीस झाले. ओंकार बिचारा बग्गीतच बसून महरुन्निसाने दिलेलं सरबत पीत होता. एवढ्यात मोबाइल वाजला. हैबतराव!

"हसनमियां, आता तुमच्यापासून काय लपवायचं?" पलीकडून आवाज आला. "इथंच तर घोडं पेंड खातंय!"

हसनने बिजलीकडे बघितलं. ती पेंडच खात होती. ह्यांना कसं कळलं?

"चुकलं, काका," तो रडवेला होऊन म्हणाला. "पण घोडं नाय, घोडी हाय. आणि जास्त नाय, अर्धीच बादली खाल्लीन."

"तुम्हाला मस्करी सुचतेय, आणि इथं माझा जीव टांगणीला लागलाय! अहो, भटजी कशेडीत अडकलेत. घाटात ट्रक आडवा झालाय. त्यांनी फोनवरनं दीडचा मुहूर्त काढून दिलाय. पण नवरदेव आत्ताच दारात आला, तर व्याह्यांसमोर माझी काय शोभा राहील? तेवढा वेळ त्याला बाहेरच्या बाहेर फिरवाल काय? लय उपकार होतील."

इतकं हलकं हसनला कुवेतहून घरी परतल्या दिवशीही वाटलं नव्हतं. बग्गीच्या चाकाला टेकून त्याने घाम पुसला, घसा खाकरला आणि आवाजात जरा वजन आणलं.

"अवघड हाय, काका. घोडी माझी वेळेची पक्की. पण तुमच्यासाठी धरतो थांबवून."

महरुन्निसा तोंडाला ओढणी लावून हसली आणि दुसरी बादली भरायला आत गेली.