चिमूची प्रकृती

"तू नुसती गा. माणसं मी आणते," आई म्हणाली, आणि गायिकेने हातातली गिटार खाली ठेवली.

आई कोणती माणसं आणणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी ती टीव्हीवरच्या एका मालिकेत चिमू नावाच्या आजारी मुलीचं काम करत असे. चिमूला नेमकं झालंय काय, हे मालिकेत कधीच सांगितलं गेलं नाही. बहुधा लेखकालाही ते माहीत नसावं. मालिकेची लोकप्रियता उतरली की चिमूचा ताप चढे, आणि लोकप्रियता चढली की चिमू उशीला टेकून दोन चमचे सूप पिई. अशी सहा वर्षं गेली. मग एका संध्याकाळी चिमूला घाईघाईने दवाखान्यात नेलं, दार बंद झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला स्वयंपाकाच्या भांड्यांचा कार्यक्रम सुरू झाला. वाहिनीचे मालक बदलले होते.

चिमू जगली की गेली, हे प्रेक्षकांना आजतागायत कळलं नव्हतं. मालिका पाहणाऱ्या बायकांचं एक मंडळ होतं, ते अजून भेटत असे. त्या दारामागे काय झालं असेल, याबद्दल मंडळात दोन तट होते आणि ते एकमेकांना चहा विचारत नसत.

मधल्या काळात गायिका तिशीला आली होती. तिने गिटार घेतली, केस बारीक कापले आणि स्वतःची गाणी स्वतः लिहून, कोणत्याही बड्या कंपनीच्या दाराशी न जाता ती स्वतःच्या बँडबरोबर गाऊ लागली. आवाज दणदणीत होता, शब्दांना धार होती. फक्त ऐकायला कोणी येत नव्हतं. मागच्या कार्यक्रमाला सात माणसं होती, त्यातली चार ड्रमवाल्याच्या घरची. आणि रस्त्यात जी माणसं ओळखत, ती "आता कसं वाटतंय गं?" एवढंच विचारून, उत्तर ऐकायच्या आत डोळे पुसत.

आता मात्र एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस रविवारी दुपारी येणार होता. त्याने अट घातली होती. "स्टुडिओत काय, कोणीही गातं. मला एक गाणं लोकांसमोर, भरल्या हॉलमध्ये हवं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. तसं मिळालं तर रेकॉर्ड काढतो, नाहीतर नाही."

नाहीतर बँड मोडायचा, हे सगळ्यांचं ठरलं होतं. गिटारवाल्याला बायकोने शेवटची मुदत दिली होती. ड्रमवाल्याच्या मेहुण्याचं टायरचं दुकान होतं आणि मेहुणा तिथे त्याची वाट पाहत होता.

"आई, तू त्यांना काय सांगितलंस?" गायिकेने विचारलं.

"खरं तेच सांगितलं. चिमूला भेटायला या म्हटलं."

"माझं गाणं आहे हे सांगितलंस ना?"

"ते आल्यावर कळेलच की त्यांना."

रविवारी हॉल भरला. इतका भरला, की ड्रमवाल्याने पडद्यातून डोकावून पाहिलं आणि खात्री करायला पुन्हा एकदा डोकावून पाहिलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पांढरे केस, चष्मे, शाली आणि गरम पाण्याचे थर्मास. दोन तट मधली वाट सोडून दोन बाजूंना बसले होते. कंपनीचा माणूस मागे आपलं रेकॉर्डिंगचं यंत्र लावून बसला होता.

"ताई, या सगळ्या रॉक ऐकतात?" ड्रमवाल्याने विचारलं.

"तू खाली बघून वाजव. आणि ऐक, काहीही झालं तरी थांबायचं नाही. छप्पर पडलं तरी वाजवत राहायचं."

गाण्याचे शब्द होते, 'मला श्वास घेऊ द्या'. ज्या जगाने एका मुलीला गादीवर झोपवून ठेवलं, त्या जगाला उद्देशून तिने ते रागाने लिहिलं होतं. पहिली ओळ तिने हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजत म्हटली.

हॉलमध्ये चुळबुळ झाली.

"अगं, खिडक्या उघडा आधी," पहिल्या रांगेतल्या शालवाल्या मावशी म्हणाल्या. त्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या. "पोरीला हवा नाही मिळत."

खिडक्या उघडल्या. रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न आत आले. हॉर्नच्या वर आवाज काढायचा म्हणून गिटारवाल्याने आवाज वाढवला, गिटारच्या वर ऐकू यावं म्हणून गायिकेने वाढवला, आणि दुसऱ्या कडव्याला ती पूर्ण छातीने ओरडू लागली. मानेच्या शिरा दिसायला लागल्या.

"वेदना होतायत तिला," मावशींच्या शेजारच्या बाई म्हणाल्या.

"तेव्हाही अशाच व्हायच्या. आठवतंय ना?"

"तेव्हा ओरडायची नाही हो. सोसायची बिचारी."

तिसऱ्या कडव्यापूर्वी गायिकेने 'द्या' या अक्षरावर एक लांबलचक तान खेचायची आणि गुडघ्यांवर बसायचं, असं आरशासमोर बसवलेलं होतं. तिने ते बसवल्याप्रमाणे केलं. गुडघे टेकले मात्र, हॉल उभा राहिला. शालवाल्या मावशी वयाच्या मानाने फार चपळाईने स्टेजवर चढल्या आणि त्यांनी आपली शाल तिच्या खांद्यांवर घातली. विरुद्ध तटाच्या बाईंनी दुसऱ्या बाजूने येऊन थर्मासचं झाकण उघडलं.

"मी बरी आहे," गायिका माइक बाजूला करून म्हणाली. "गाण्यातलं आहे हे."

"हो, हो. बोलू नकोस. दम लागेल," मावशी म्हणाल्या. "डॉक्टर आहे का कुणी?"

मधल्या रांगेत एक डॉक्टर होते. ते बायकोला सोडायला आले होते आणि गाडी लावायला जागा मिळाली म्हणून थांबले होते. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते आपली डॉक्टरी पेटी घेऊन उठले.

ड्रमवाल्याने मान वर केली नाही. तो वाजवत राहिला. गिटारवाल्याने त्याच्याकडे पाहून त्याच चार सुरांभोवती फिरत राहायला सुरुवात केली. मागे कंपनीचा माणूस यंत्राकडे बघत बसला होता. यंत्राला काय, आवाज येत होता तोवर ते चालू होतं.

गायिकेच्या लक्षात आलं, की भांडत बसलो तर गाणं थांबेल. तिने हात पुढे केला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून फुगवला. तोंडात थर्मामीटर घातलं, त्यामुळे तिसरं कडवं आपोआपच पुढे ढकललं गेलं. मग नाडी, मग जीभ, मग पाठीवर नळी लावून "मोठा श्वास घ्या". दोन्ही तट श्वास रोखून उभे होते. जी गोष्ट सांगायला मालिकेला सहा वर्षांत सवड झाली नव्हती, ती आता कळणार होती.

डॉक्टर मुळात घाबरट गृहस्थ. एवढी गर्दी त्यांनी आपल्या दवाखान्यात पाहिलेली नव्हती. लोकांकडे वळताना ते नेमके माइकसमोर उभे राहिले, आणि खणखणीत आवाजात, ड्रमच्या ठेक्यावर म्हणाले, "हिला काहीही झालेलं नाही."

मग शालवाल्या मावशींनी विरुद्ध तटाच्या बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि दोघी रडल्या. टाळ्या झाल्या. अशा टाळ्या गायिकेने आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

"सुटली बाई पोर," कोणीतरी म्हणालं.

आणि मग मालिका संपल्यावर लोक जे करतात, तेच मंडळाने केलं. सगळ्या उठल्या, चपला शोधल्या, आणि तिसरं कडवं सुरू व्हायच्या आत एकमेकींना चहाला बोलावत बाहेर पडल्या.

गायिका उभी राहिली. खांद्यावर शाल, दंडाला पट्टा. समोर रिकाम्या खुर्च्या, पट्टा परत मिळावा म्हणून ताटकळलेले डॉक्टर आणि एका कोपऱ्यात आई. तिने शेवटचं कडवं म्हटलं. ते तिने त्या दिवशी जसं म्हटलं तसं पूर्वी कधी जमलं नव्हतं. शेवटची ओळ संपली, ड्रम थांबला, आणि रस्त्यावर एक हॉर्न वाजला.

"गेलं," ती खाली बसून म्हणाली.

"कुठे गेलं?" कंपनीचा माणूस वायर गुंडाळत म्हणाला. "सुरुवात आहे, शेवट आहे, मध्ये कुठेही थांबलेलं नाही. हॉलही भरलेला होता, निदान मध्यापर्यंत. मी शब्दाचा पक्का आहे. आहे तसं काढतो."

त्याने ते खरोखर आहे तसं काढलं. पंधरवड्यात ते कॉलेजच्या पोरांच्या कानात जाऊन बसलं. एका समीक्षकाने लिहिलं, की उघडलेल्या खिडक्या आणि मधला तो कोरडा पुरुषी आवाज म्हणजे 'समाजाने व्यक्तीची केलेली तपासणी' आहे. दुसऱ्याने लिहिलं, की पहिल्याला काही कळलेलं नाही. दोघांचंही एका बाबतीत एकमत होतं, की ते वाक्य म्हणणारा कलावंत कोण, ते कळायला हवं.

पुढच्या कार्यक्रमाला हॉल पुन्हा भरला. या वेळी काळे केस होते, आणि सगळ्यांना गायिकेची सगळी गाणी पाठ होती. अट एकच, डॉक्टर हवेत. ते नाहीत तर त्या गाण्याला अर्थ नाही, असं पोरांनी कळवलं होतं.

डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवून नवा काळा शर्ट घेतला होता. पडदा उघडायच्या आधी ते गळ्याशी हात नेऊन उभे राहिले.

"आज नको," ते बारीक आवाजात म्हणाले. "घसा बसलाय. थोडी कणकणही वाटतेय. बहुतेक आडवं व्हावं लागेल मला."

"आ करा," गायिका म्हणाली.

तिने मोबाइलचा उजेड पाडून आत पाहिलं. मनगट धरलं, जीभ बाहेर काढायला लावली.

"चला," ती म्हणाली. "नाटक आहे तुमचं."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. पण डॉक्टर, काहीही झालेलं नसताना आजारी दिसायचं काम मी सहा वर्षं केलंय. त्यात तुम्ही अजून कच्चे आहात."

आणि तिने त्यांना दंडाला धरून स्टेजवर नेलं.