होल्डवर ठेवलेली दाढ

मरणोत्तर देहदानासारखे थोर दान नाही, असे आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनी एका पाहुण्यांनी पाऊण तास सांगितले. वानखेडे काकांना ते तत्त्वतः मान्य होते. फक्त मरेपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी खालच्या डाव्या दाढेपासून सुरुवात केली होती.

काका बिबवेवाडीत माझ्याच वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे अमरावतीकडचे. तीस वर्षे खडकीच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे. तिथे मालाचे तीन प्रकार: पास, रिजेक्ट आणि होल्ड. निवृत्तीनंतर तपासायला काही उरले नाही, म्हणून त्यांनी लोकांचे दात तपासायला घेतले. खिशात कायम टॉर्च. लिफ्टमध्ये चेअरमनसाहेबांनी जांभई दिली तेव्हा काकांनी ती लावली आणि म्हणाले, "वरच्या दोन रिजेक्ट. बाकी जबडा पास." चेअरमन तेव्हापासून जिन्याने जातात.

या वेडाचा उगम शहरातल्या एका डेंटल कॉलेजात आहे. तिथे शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेला पेशंट स्वतःच शोधून आणावा लागतो, आणि तोही बेताचा किडलेला. कीड कवचाच्या आत उतरलेली हवी, पण नसेपर्यंत पोचलेली नको. अशी दाढ मिळावी म्हणून ही हुशार मुले रिक्षा स्टँडवर लोकांना तोंड उघडायला लावत फिरतात. काका दाखवायला गेले, आणि त्यातल्याच अकोल्याच्या ऋतुजाने त्यांच्या दाढेत आपले भविष्य पाहिले.

"काका, परीक्षेपर्यंत कुठेच भरून घेऊ नका हं," ती म्हणाली.

"बेटा, होल्डवर ठेवली," काका म्हणाले.

मग रोज सकाळी आठला तिचा फोन येऊ लागला. गार लागते का? दुखून लगेच थांबते, की रेंगाळते? लगेच थांबले तर दाढेचे फिलिंगने भागते. रेंगाळले तर नस दुखावली, मग रूट कॅनल, आणि मग ती परीक्षेला चालत नाही. हे सगळे काकांनी मला माझ्याच चहात माझ्याच घरची साखर ढवळत समजावले. "अडकलेलं गोड जंतू खातात, आम्ल सोडतात, त्यानं कवच विरघळतं. तुम्हाला वाटतं, तुम्ही चहा पिताय. अहो, तुम्ही जंतू पोसताय."

"मग तुम्ही दोन चमचे का घेता?"

"मला कीड टिकवायची आहे."

परीक्षा महिनाभर पुढे गेली. दाढेला विद्यापीठाचे परिपत्रक कळत नाही. तिने आपले काम वेळेवर चालू ठेवले. एका सकाळी मी पेपर परत करायला वर गेलो, तर काका फ्रिजमधल्या ताकाचा घोट घेऊन डोळे मिटून बसले होते. हात टेबलाच्या कडेवर आवळलेला. माझ्या हिशेबाने मिनिट तरी गेले असेल. तेवढ्यात फोन वाजला.

"लगेच थांबलं, बेटा," काका म्हणाले. "एकदम पास."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अहो, नस गेलीय तुमची. सांगून टाका, दुसरा कुणी शोधेल ती."

"आता? चार दिवसांत? बाप्पा! आणि तो आयत्या वेळी आलाच नाही तर पोरगी नापास."

"तीस वर्षांत रिजेक्ट माल पास केला होतात कधी?"

"एकदाही नाही. आता रिटायर झालोय."

ताकाचा ग्लास त्यांनी दूर सरकवला. काकूंना जाऊन पाच वर्षे झाली. मुलगा बेंगळुरूहून रविवारी फोन करतो आणि तिथल्या ट्रॅफिकबद्दल बोलतो.

"दुखतंय का म्हणून रोज विचारणारं माणूस आहे हो," काका म्हणाले. "सांगितलं की दुखतंय, तर उद्यापासून कशाला विचारेल?"

परीक्षेला मीच त्यांना स्कूटरवरून नेले. अर्धवट उघड्या काचेच्या दारातून मला खुर्चीवरचे त्यांचे पाय तेवढे दिसत होते, बोलणे मात्र ऐकू येत होते. एक्स-रे महिन्यापूर्वीचा होता. तो खरे बोलत होता, पण महिन्यापूर्वीचे. परीक्षकांनी दाढेवर अवजाराची मूठ ठोकल्याचा आवाज आला.

"दुखतं?"

काकांच्या दोन्ही पायांचे अंगठे ताठ झाले.

"अजिबात नाही, सर."

ऋतुजा पास झाली. तिने काकांना वाकून नमस्कार केला, पेढा दिला आणि तो डाव्या बाजूने खायचा नाही, असे बजावले. दुसऱ्या दिवशी आठला काका फोन समोर ठेवून बसले होते. साडेआठला, तो पूर्ण चार्ज असूनही, त्यांनी तो चार्जिंगला लावला.

तीन आठवड्यांत गाल सुजला. रूट कॅनलच्या चार-पाच खेपा होतील, असे त्याच कॉलेजात कळले. काकांनी विचारले, "खेपांच्या मधल्या दिवसांत रोज फोन करतात का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग काढूनच टाका."

एका नव्या मुलाने ती काढली. दाढ अख्खी निघाली, ऋतुजाच्या फिलिंगसकट. तोंडात कापसाचा बोळा धरून काकांनी टॉर्च लावली, दाढ सगळीकडून फिरवून पाहिली, फिलिंगवर थांबले आणि जमेल तसे म्हणाले, "काम पास."

त्या मुलाने आपल्या वहीत सरांची सही घेतली. कोटा पुरा व्हायला त्याला अजून चार दाढा काढायच्या होत्या.