शेलारकाका आणि झोपलेलं बूड

शेलारकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. पाठमोरं उभं केलं, दोन पावलं मागे सरकले, एक डोळा बारीक केला आणि निकाल दिला, "बूड झोपलंय तुजं."

संत तुकाराम नगरातल्या जिममध्ये माझा तो दुसराच दिवस. हिंजवडीला कॅबमध्ये दीड तास बसून जायचं, तिथे नऊ तास बसायचं आणि पुन्हा बसूनच घरी यायचं. एवढ्या बसण्याने माझी कंबर धरली होती. डॉक्टर म्हणाले होते, कंबरेचा दोष नाही. तिच्या खालचे स्नायू कामच करत नाहीत, म्हणून सगळा भार कंबरेवर येतोय. त्यांनी अर्धा तास तपासून जे इंग्रजीत सांगितलं, ते खाकी हाफ पँट आणि बनियनमधल्या या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांनी नुसतं बघून सांगितलं होतं.

काका मूळचे चाकणजवळच्या खेड्यातले. एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटीला होते. समोर आलेला पार्ट हातात घ्यायचा, फिरवून बघायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. रिटायर झाल्यावर पार्ट यायचे थांबले, नजर मात्र तशीच राहिली. ती माणसांवर, आणि माणसांच्याही एकाच भागावर स्थिरावली.

"लोक दंड फुगवत्यात, छाती फुगवत्यात," ते म्हणायचे. "आरशात दिसतंय तेवढंच! मागनं बघ, सगळी भिंत खचलेली."

कुणाला कुठला व्यायाम द्यायचा, हा त्यांचा खरा जिव्हाळ्याचा विषय. सगळ्यांना सरसकट स्क्वॉट देणाऱ्यांचा त्यांना राग यायचा. "म्हंजे सगळ्या नटांना एकच पाना व्हय?" दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना ते 'पूल' द्यायचे. उताणं झोपायचं, गुडघे मोडायचे आणि बूड हळूहळू वर उचलायचं. कंपनीत आठ-आठ तास उभं राहणाऱ्यांना 'खेकडा'. म्हणजे गुडघ्यांवर रबरी पट्टा चढवून आडवं चालायचं. मला त्यांनी पहिला महिनाभर पूलच करायला लावला. मी घामाघूम होऊन वजनांकडे बोट दाखवलं की म्हणायचे, "आदी जागं तरी हुं दे. झोपलेल्या मानसाच्या डोक्यावर पाटी देतोस का?"

बायकांच्या बाबतीत मात्र काका अतिशय जपून वागत. कुणी विचारलंच, तर छताच्या पंख्याकडे बघून बोलत. आमच्या जिममधल्या प्राचीचं लग्न ठरलं होतं. ती म्हणाली, "काका, मला शेप हवाय. फोटोत साडी छान बसली पाहिजे."

"खुर्चीतनं उठताना हात टेकता का?" काकांनी पंख्याला विचारलं.

"कधीकधी."

"मंग शेपचं नंतर बघू. आदी हात न टेकता उठा. जोर आला की आकार आपसूक येतो."

त्यांनी तिला बुटक्या स्टुलावर बसून सावकाश उठायला लावलं. महिन्याभरात ती हातात वजन घेऊन उठू लागली. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी पंख्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

मग एका सकाळी ते मला पूल करताना बघून खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडले, "बूड उचल, बूड! मेलंय का ते?" मधे एक बाई सायकल मारत होत्या. नवीनच होत्या. त्यांना वाटलं, आपल्यालाच बोलले. त्यांनी काउंटरवर तक्रार केली, आणि त्यांच्या जागी कुणीही केली असती. मालक काकांना हळू आवाजात म्हणाला, "काका, आता आपण ट्रेनर ठेवलाय. तुम्ही तुमचा व्यायाम करा, लोकांना काही सांगू नका."

"व्हय," काका म्हणाले. त्यांनी टॉवेलची नीट घडी केली आणि जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

शनिवारी मी पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो. काकांनी दार उघडलं, पण आत बोलवायचं त्यांना क्षणभर सुचलंच नाही. दोन खोल्या, भिंतीवर काकूंचा फोटो. खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती आणि तिच्याशेजारी विटा रचून ठेवलेल्या.

"बाईमानसानं तक्रार केली माजी," ते खाली बघत म्हणाले. "कमळला कळतं तर काय म्हनली असती?"

"तुम्ही मला म्हणत होतात. त्यांनाही ते सांगितलंय आम्ही."

ते जाऊन पलंगावर बसले. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विटांचं विचारलं.

कमळकाकू मोरीत पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण खुर्चीतून उठता येईना. "पोरगं बंगलोरला. मला म्हनायची, तुमच्या गळ्यात हात टाकून किती दिवस उठायचं, लाज वाटती." व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांच्याकडून काका सगळं शिकले. खुर्चीच्या पायांखाली विटा लावल्या. उंच खुर्चीतून उठणं सोपं जातं. आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक थर कमी करत गेले.

"शेवटची वीट काडली त्या दिवशी उठली. हात न टेकता. तशीच चालत आत गेली आन च्या टाकला. साखर घालायची इसरली." त्यांनी फोटोकडे बघितलं. "मी काय बोललो न्हाई. समदा प्यालो."

पुढे वर्षभर त्या घरात हिंडल्या-फिरल्या. मग हृदयविकाराने गेल्या. काका जिमला येऊ लागले ते त्यानंतर.

"जिमला चला," मी म्हणालो. "मालकाशी मी बोलतो."

"नको. तिथं गप ऱ्हायचं, मंग जायचं कशाला?"

"मग मी येतो इकडे. दर शनिवारी. मला सुट्टी असते."

ते चादरीची सुरकुती काढत राहिले. मग म्हणाले, "सकाळी लवकर आलास तरी चालंल. मी उठलेला अस्तो."

तेव्हापासून मी जातो. काका सतरंजी अंथरतात, मी व्यायाम करतो, ते चुका काढतात. कंबर कधीच बरी झालीय, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मध्यंतरी एका शनिवारी कंपनीचं काम निघालं आणि मला फोन करायचंही सुचलं नाही. रविवारी गेलो तर सतरंजी अंथरलेलीच होती. काका रागावले नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आता शनवारी पन कंपनी अस्ती का रं?"