हितेंद्रच्या गाडीचं रनिंग-इन

फणसवाडीतल्या हितेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतली ती अप्पांसाठी. वडिलांना एकदा स्वतःच्या गाडीतून गुहागरला, कुलदैवताला न्यायचं, एवढाच त्याचा हट्ट होता. अप्पांची पंच्याऐंशी उलटली होती, त्यामुळे घाई करायला हवी हे घरात सगळ्यांना कळत होतं. पण हितेंद्रला गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक वाचायची बुद्धी झाली.

पुस्तकात 'रनिंग-इन' या मथळ्याखाली लिहिलं होतं, पहिले हजार किलोमीटर इंजिनाला जपा. वेग वाढवू नका, एकाच वेगाने लांब पल्ला मारू नका, जास्त वजन घालू नका. (हितेंद्र पुस्तकातलं सगळं पाळतो. मिक्सरचं पुस्तकसुद्धा त्याने लॅमिनेट करून ठेवलंय.) म्हणून आधी रोज शिवडीपर्यंत जाऊन-येऊन मुंबईतल्या मुंबईत हजार किलोमीटर करायचे, मग गुहागर, असं ठरलं. निदान शिवडीपर्यंत येऊ का, असं अप्पांनी एकदा विचारलं. हितेंद्रने त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि वजनाचा नियम वाचून दाखवला.

आता अडचण एकच होती. वाडीत गाडी हलली की जागा गेली. पाठ वळायच्या आत तिथे स्कूटर येऊन बसते, आणि ती कुणाची हे वाडीत कुणालाच ठाऊक नसतं. तेव्हा रोज सकाळी हितेंद्र शिवडीपर्यंत इंजिन हळुवार फिरवून आणायचा आणि तोवर अप्पा रिकाम्या जागेत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. "अहो, ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्यांनाच वॉचमन केलंत," असं त्याची बायको मृणालिनी म्हणाली. तिचं म्हणणं पटून हितेंद्रने खुर्चीवर उशी आणून ठेवली.

हजार किलोमीटर पुरे झाले त्या दिवशी तो पेढे घेऊनच वर आला. अप्पा पलंगावर आडवे होते. खुर्चीतून उठताना कंबर धरली होती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लांबचा प्रवास आता विसरा, या वयात कंबर पहिल्यासारखी व्हायची नाही.

"इंजिन झालं ना रे नीट?" अप्पांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. हितेंद्रला रडू आलं.

पुढे अप्पा काठी टेकत खाली उतरू लागले, तेव्हा एका सकाळी त्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. निदान ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत सावकाश फिरवून आणू, असं त्याच्या मनात होतं. इंजिन इतकं झकास सुरू झालं की आवाजही आला नाही. गिअर टाकायच्या आधी त्याने सवयीने बाजूला पाहिलं. कडेची खुर्ची रिकामी होती. मृणालिनी ऑफिसला गेलेली, म्हणजे जागा धरायला कुणीच नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं.

अप्पा काचेतून समोर बघत होते.

"सीट मऊ आहे रे," ते म्हणाले. "पण खुर्चीतून दिसायची तीच भिंत दिसते."