अकरा युनिटांचे घर

चार माणसांच्या एका घराला एका महिन्यात चारशे बारा युनिटांचे वीजबिल आले. घरात पिठाची गिरणी नव्हती, छापखाना नव्हता. एसी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घ्यायचा ठरला होता आणि तो वाढदिवस एसीशिवायच मागच्या वर्षी होऊन गेला होता.

बिल ज्यांच्या नावे आले ते गृहस्थ रहिवास दाखला कार्यालयात मुख्य लिपिक होते. गेली एकोणीस वर्षे कोण कुठे राहतो हे तेच ठरवत, म्हणून सगळे त्यांना दाखलेसाहेब म्हणत. बायकोही म्हणे, पण तिच्या तोंडी तो शब्द जरा वेगळा ऐकू येई.

पूर्वी लोक रहिवासाचा पुरावा म्हणून वाटेल ते आणत. कोणी घरमालकाची चिठ्ठी आणी, कोणी शेजाऱ्याची सही. एकाने तर शेजारीच आणला होता. हा सावळागोंधळ मोडून काढण्यासाठी दाखलेसाहेबांनी स्वतःच्या हाताने एक परिपत्रक लिहिले होते: ‘जो राहतो तो वीज वापरतो. जो वापरत नाही तो राहत नाही. सबब, लागोपाठ तीन बिलांत दरमहा किमान तीस युनिट वापर दिसल्यासच अर्जदार सदर पत्त्यावर राहतो असे समजण्यात यावे.’ वरून शाबासकी आली. आणखी दोन खात्यांनी ते परिपत्रक स्वल्पविरामासकट उतरवून घेतले.

त्या परिपत्रकात न बसलेली एक म्हातारी जवळजवळ रोज खिडकीवर येई. तिचे बिल सहा युनिटांचे असे.

“साहेब, चाळीस वर्षं तिथंच राहते मी. अंधार पडला की दिवा लावते, जेवते, मालवते.”

“आजी, तुम्ही राहता हे मला दिसतंय हो. पण बिलाला दिसत नाही.”

आजी “बरं” म्हणत आणि बाकावर जाऊन बसत. दाखलेसाहेबांना वाईट वाटे. पण वाईट वाटण्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

असा हा माणूस चारशे बारा युनिटांचे बिल घेऊन वीज कार्यालयात गेला. खिडकीमागच्या बाईंनी मान वर केली नाही.

“बिल जास्त आलंय.”

“वापर जास्त असेल.”

“आम्ही एवढा वापर केलेला नाही.”

“मग कोणी केला?”

दाखलेसाहेबांनी हा प्रश्न लेखी विचारायचे ठरवले. त्यांनी मीटर तपासणीचा अर्ज भरला. तीन आठवड्यांनी माणूस आला, मीटर तपासला, आणि तो खरोखरच सदोष निघाला. तो आठ टक्के हळू चालत होता. त्याच्या जागी नवा, तडफदार मीटर बसवण्यात आला. पुढचे बिल चारशे सत्तेचाळीस युनिटांचे आले. सोबत फोनवर संदेश होता: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आपण किती समाधानी आहात?’

शेवटी बायकोने कोणालाही न विचारता वायरमनला बोलावले. तो कानावर टेस्टर अडकवून तासभर घरात फिरला. फ्रिजच्या दारात त्याने कागद धरला, दार लावले आणि कागद दोन बोटांनी अलगद ओढून काढला.

“रबर गेलंय, वहिनी. हा फ्रिज भाजी गार करत नाही, ओटा गार करतोय. आणि गिझर किती वेळ चालू असतो?”

“नानांच्या आंघोळीसाठी पहाटे लावतो,” बायको म्हणाली. नाना म्हणजे दाखलेसाहेबांचे वडील. “ते आंघोळीला जातात अकराला.”

“मनाची तयारी व्हावी लागते,” नाना आतून म्हणाले.

वायरमनने बिलाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. पहिले शंभर युनिट स्वस्त, पुढचे जवळजवळ दुप्पट, तीनशेच्या वर गेलात की विचारू नका. “रबर बदला. गिझर दहा मिनिटं लावा. हे जुने पंखे दमेकऱ्यासारखी वीज ओढतात, ते बदला. टीव्ही रिमोटनं बंद केला तरी खालचा डबा जागाच असतो, तो बटणावर बंद करा. अडीचशेच्या आत याल. एवढं पुरे.”

सल्ला साधा होता, खरा होता आणि एका बिलाच्या पाठीवर मावत होता. पुढच्या महिन्यात बिल आले दोनशे एकतीस युनिटांचे. इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण दाखलेसाहेबांच्या डोळ्यांसमोरून ‘पहिले शंभर’ हे दोन शब्द हलेनात.

त्यांनी फ्रिजच्या दारावर परिपत्रक चिकटवले. त्यातले कलम चार पंख्याविषयी होते: खोलीत किमान दोन सदस्य असल्याखेरीज पंखा लावू नये.

“दुपारी खोलीत मी एकटाच असतो रे,” नाना म्हणाले.

“मग दुसरा सदस्य येईपर्यंत थांबा.”

“दुसरा सदस्य म्हणजे तुझी पोरगी, ती कॉलेजातून सहाला येते.”

“तोवर ऊन उतरतंच की.”

एवढे करूनही वापर एकशे अठरावर अडकला. मग एका सकाळी कार्यालयात फोन चार्जिंगला लावताना दाखलेसाहेबांना थोर शोध लागला. ही वीज घरच्या बिलात येत नव्हती. वीज वाचवणे म्हणजे ती कमी वापरणे नव्हेच, ती दुसरीकडे वापरणे. इतकी वर्षे हे कोणी सांगितले कसे नाही, याचे त्यांना नवल वाटले. नंतर त्यांनी आजूबाजूला पाहिले तेव्हा कळले की सांगायची गरज कोणाला वाटली नव्हती. आस्थापना विभागातल्या बाईंची स्कूटर सहा वर्षे भांडारगृहाच्या सॉकेटवर चालत होती. भांडारपालाचा टोस्टर साहित्याच्या नोंदवहीत ‘लाख वितळवण्याचे यंत्र’ म्हणून रीतसर नोंदवलेला होता.

मग दाखलेसाहेबांच्या पिशवीतून आधी चार्जर गेले, मग इस्त्री गेली, मग भाताचा विजेचा कुकर. मुलगी बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास अभिलेख कक्ष क्रमांक दोनमध्ये करू लागली, कारण तिथल्या चार ट्यूबलाइट जुन्या फायलींसाठी रोज जळतच असत. नानांनी तर स्वतःचीच वाट काढली. ते सकाळी कार्यालयात येऊन खिडकीचे टोकन घेत आणि प्रतीक्षागृहातल्या पंख्याखाली बसत. आपला नंबर पुकारला की घाईतल्या एखाद्याला टोकन देत आणि नवीन घेत. तीन महिन्यांत त्यांनी शेकडो लोकांची कामे लवकर करून दिली. कार्यालयात बसून एवढे काम याआधी कोणी केले नव्हते.

बिले आली: चोवीस युनिट, पंधरा युनिट, अकरा युनिट. अकराचे बिल दाखलेसाहेबांनी लॅमिनेट करून घेतले. फ्रिजमध्ये आता चादरी होत्या.

त्याच आठवड्यात मुलीचे नाव प्रवेशाच्या यादीत लागले. स्थानिक विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या जागांत ती शेवटून दुसरी होती. शनिवारी पाचपर्यंत रहिवास दाखला द्यायचा, नाहीतर जागा खालच्या नावाला जाणार. त्या दिवशी मंगळवार होता.

मुलगी रीतसर रांगेतून आली. टोकन नानांनी दिले.

“बिलं,” खिडकीतून दाखलेसाहेब म्हणाले.

तिने तीन बिले सरकवली. त्यातले एक चकचकीत होते. दाखलेसाहेबांच्या हातातले लाल पेन सवयीने चालू लागले. चोवीस. पंधरा. अकरा. मग ते थांबले.

“बाबा.”

“इथे साहेब म्हणायचं.”

“साहेब, मी तुमच्याच घरात राहते.”

“ते मला दिसतंय,” दाखलेसाहेब म्हणाले. पुढचे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटले होते की ते आपले आपणच बाहेर आले. “पण बिलाला दिसत नाही.”

बाकावरच्या आजींनी मान वर करून पाहिले. त्या हसल्या असत्या तर बरे झाले असते.

संध्याकाळी घरात, म्हणजे काळोखात, बायको म्हणाली, “पोरीनं दोन वर्षं मान मोडून अभ्यास केलाय. शनिवारच्या आत मला दाखला हवाय.”

“आज घरातलं सगळं चालू केलं तरी मागची तीन बिलं बदलत नाहीत. नियम आहे.”

“नियम कोणी केला?”

“कार्यालयाने.”

“त्या कार्यालयाला मी रोज डबा द्यायचे. आता कुकर देते.”

“अगं, पण कायदा म्हणून काही...”

“मग आम्ही राहतो कुठे, तेवढं तरी सांगून टाका. भात तुमच्या ऑफिसात शिजतो. कपड्यांना इस्त्री तिथे होते. पोरगी तिथे अभ्यास करते, नाना दिवसभर तिथल्या पंख्याखाली. इथे आपण येतो ते फक्त अंधारात एकमेकांना धडकायला.”

बायकोने हे टोचायला म्हटले होते. पण पलीकडून दाखलेसाहेबांचा बदललेला आवाज आला.

“एक कोरा कागद दे. आणि दिवा लाव.”

“कोणत्या कलमाखाली?” नानांनी विचारले.

बुधवारी सकाळी वरिष्ठ साहेबांच्या टेबलावर टिपणी गेली. ‘जो राहतो तो वीज वापरतो. सदर कुटुंब गेले तीन महिने या कार्यालयात वीज वापरत आहे. सबब, ते या कार्यालयात राहते.’ सोबत कार्यालयाची मागची तीन बिले जोडली होती. प्रत्येक बिल नऊ हजार युनिटांच्या वर होते. किमान तीसची अट त्यात आरामात बसत होती.

साहेबांनी टिपणी दोनदा वाचली आणि खिडकीतून खाली पाहिले. खाली त्यांची नवी विजेवरची गाडी भांडारगृहाच्या खिडकीतून आलेल्या वायरला लागून शांतपणे चार्ज होत होती.

“नियमात बसतंय,” ते म्हणाले. “बसायला नको होतं, पण बसतंय.” सही करून त्यांनी पेनाचे टोपण लावले, मग पुन्हा काढले. “माझाही एक करून ठेवा. पत्ता, वाहनतळ, तळमजला.”

शुक्रवारी दाखला निघाला: ‘सदर विद्यार्थिनी ही अभिलेख कक्ष क्र. २, दुसरा मजला, रहिवास दाखला कार्यालय येथील कायम रहिवासी आहे.’ प्रवेशाच्या टेबलावरच्या कारकुनाने फक्त शिक्का नीट उठला आहे का ते पाहिले. मुलीला प्रवेश मिळाला. घरी त्या दिवशी पंखा लावण्यात आला, चार सदस्य हजर असल्यामुळे.

महिनाभरात एकेचाळीस कर्मचारी सहकुटुंब कार्यालयाचे रहिवासी झाले. ज्या इमारतीत दीडशेच्या वर माणसे राहतात तिला कार्यालय म्हणणे नियमाला धरून नव्हते. म्हणून तिची वीजजोडणी घरगुती दरात बदलण्यात आली आणि प्रत्येक कुटुंबाचे पहिले शंभर युनिट स्वस्त झाले. त्यामुळे वीज कंपनीला तूट आली. तूट कोणीतरी भरायलाच हवी होती. सर्व ग्राहकांच्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार यांच्या खाली एक नवी ओळ आली: सामायिक निवास आकार. लोक विचारायला गेले तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता सांगितले, “तो सगळ्यांनाच आहे.” यावर सगळ्यांचे समाधान झाले.

आजी नवे बिल घेऊन आल्या. युनिट तेवढेच, सहा. रक्कम जवळजवळ दुप्पट.

“साहेब, तुम्ही सगळे इथं राहता, त्याचे पैसे मी भरते म्हणे. आता तरी दिसते का मी बिलाला?”

दाखलेसाहेबांनी बिल उलटसुलट पाहिले. मनापासून पाहिले. मुलीच्या प्रवेशापासून त्यांचे मन जरा मऊ झाले होते.

“आजी, तुम्ही रोज इथे बसता. काही चार्ज करता का? मोबाइल वगैरे?”

“मोबाइल कुठला. नुसती बसते.”

“पंख्याखाली?”

“पंख्याखाली ते नाना बसतात.”

“बरोबर. तो त्यांच्या नावावर नोंदलाय,” दाखलेसाहेब हळहळून म्हणाले आणि शिक्का उचलला. “काहीच वापरत नाही म्हटल्यावर मी तरी काय करू, सांगा.”

आजी “बरं” म्हणाल्या. नाना उठले आणि त्यांनी आजींना आपल्या जागेवर बसवले. टोकन पुकारले जाईपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा तास, आजी कुठेतरी राहिल्या.

ती नवी ओळ तुमच्याही बिलावर आहे, खालून तिसरी. तिच्याबद्दल तक्रार करायची असल्यास खिडकी साडेदहाला उघडते, येताना रहिवास दाखला आणावा. आणि हे सगळे वाचून दाखलेसाहेबांचा राग आलाच असेल, तर तुमचा फोन काल कुठल्या सॉकेटवर चार्ज झाला ते आधी आठवून पाहा. ते सॉकेट घराबाहेरचे असेल तर काळजी नको, तुम्हाला दाखला मिळेल. पैसे आजींनी भरले आहेत.