चिठ्ठीविना वाडगा

शिवणाच्या डब्यात सुई शोधताना फांग चुनयानच्या हाताला एक लाल चिठ्ठी लागली. ही चिठ्ठी इथे असायलाच नको होती. ती असायला हवी होती सुझो शहरात, चियुएमावशींच्या हातात, नव्वदीनिमित्त आप्तांना वाटायच्या वाडग्यासोबत. वाडगा चार दिवसांपूर्वीच कुरियरनं गेला होता आणि सासूबाईंची नव्वदी उद्यावर आली होती.

"अहो, मावशींना नुसताच वाडगा गेलाय! आमंत्रण इथेच राहिलं!"

तिचा नवरा देशेंग अंगणात शिडीवर चढून लाल कंदील टांगत होता. "मग बिघडलं काय? आमंत्रण गेलं असतं तरी मावशी थोड्याच येणार होत्या?"

हे मात्र खरं होतं. सासूबाई लान्यिंग आणि त्यांची धाकटी बहीण चियुए यांच्यात अठरा वर्षं अबोला होता, आणि तोही नूडल्सवरून. चियुएमावशींच्या सहासष्टीला थोरलीनं स्वतःच्या हातानं नूडल्स केले. धाकटीला नुकतीच नवी कवळी बसवलेली, तिला लांबलचक नूडल्स ओढता यायचे नाहीत, म्हणून थोरलीनं मायेनं ते कापून वाढले. वाढदिवसाचे नूडल्स जेवढे लांब तेवढं आयुष्य लांब; ते कुणी कापतं का? धाकटीनं वाडग्यात पाहिलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडली, "ताई, तू माझं आयुष्य कापलंस! आता तू जिवंत असेपर्यंत तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही!" त्यानंतर तिचं कापलेलं आयुष्य अठरा वर्षं ठणठणीत चाललं होतं, पण शपथ काही तिनं मोडली नाही.

नव्वदीला काय हवं, असं चुनयाननं विचारलं तेव्हा सासूबाई तीनदा "काही नको" म्हणाल्या आणि चौथ्यांदा, बाहेर बघत, "चियुएला कळवायचं तर कळवा," म्हणाल्या. सून एवढ्यावर सगळं समजली होती. ती चिठ्ठी लिहायला तिला तीन संध्याकाळी लागल्या होत्या, आणि आता तीच चिठ्ठी सुयादोऱ्यांत पडलेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. मावशींचा मुलगा वेन्तांग होता.

"वहिनी," त्याचा आवाज घोगरा होता, "वाडगा मिळाला."

"मिळाला ना? अहो भावजी, त्यातली चिठ्ठी बघा..."

"चिठ्ठी कशाला हवी? वाडगा बघूनच समजलो. आधी कळवायला हवं होतंत, पण असो. आई कालपासून रडतेय, घोटभर चहासुद्धा घेत नाही. उद्या घेऊन येतो तिला."

चुनयानचा कानांवर विश्वास बसेना. "मावशी येतायत? खरंच?"

"आता कसली भांडणं, वहिनी? दादाला जपा." आणि त्यानं फोन ठेवला.

दादाला जपा? चुनयाननं खिडकीतून पाहिलं. दादा शिडीवर उभा राहून शीळ घालत होता. शिडीबद्दल वेन्तांगला कुणी सांगितलं असेल, हे तिला कळेना. पण मावशी येणार होत्या! ती धावतच सासूबाईंकडे गेली.

"रडतेय?" सासूबाई म्हणाल्या. "तिला पहिल्यापासून रडूच लवकर येतं." मग त्यांनी उद्यासाठी शिवलेला लाल कोट मापाला म्हणून मागून घेतला, अंगात घातला, आणि तो पुन्हा काढलाच नाही. आरशासमोर दोनदा जाऊन आल्या.

दुपारी फुलवाला म्याओ दाराशी आला. आत येईना. टोपी काढून हातात धरली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. सुझोहून मागणी आलीय. पांढऱ्या शेवंतीचं मोठं पुष्पचक्र. पट्टीवर 'ताईस, अखेरचा निरोप' असं लिहायला सांगितलंय. पण मला काही उमगेना. आजी तर आज सकाळी बाजारात लसणाच्या भावावरून भांडत होत्या!"

"कोण आलंय गं?" आतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

म्याओनं टोपी घातली आणि दोन पावलं मागे सरकला. "भांडत होत्या म्हणजे... आजच ना? की माझाच काही घोटाळा होतोय?"

चुनयान नवऱ्याकडे धावली. तिनं देशेंगला शिडीवरून उतरवलं. तो उमेदीच्या वयात सहा वर्षं शांघायला नोकरीला होता. सगळं ऐकून तो शिडीच्या खालच्याच पायरीवर बसला.

"अगं, घात झाला. आपल्या जिंगदेझेनमध्ये आपण हे वाडगे वाढदिवसाला वाटतो. तिकडे शांघाय-सुझोला म्हातारं माणूस गेलं, की क्रियाकर्म उरकून वाटतात. पिकल्या वयाचा आशीर्वाद म्हणून."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"चिठ्ठी गेली असती तर सांगायची वेळच आली नसती!"

चुनयाननं फोन उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. सासूबाई जिवंत आहेत असं सांगावं, तर मावशी शपथेला जागून येणार नाहीत, आणि लाल कोट घालून वाट बघत बसलेल्या त्या जिवाला काय सांगायचं? न सांगावं, तर ऐन नव्वदीच्या दिवशी, सहा टेबलं पाहुण्यांसमोर, पांढरी फुलं घेऊन घरात रडारड व्हायची. एवढा मोठा अपशकुन तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. सासूबाई आत्ताच हिवाळ्याच्या दुखण्यातून उठलेल्या. धसक्यानं काही झालं, तर वाडगा खराच ठरायचा.

"मी स्टेशनवर गाठतो त्यांना," देशेंग म्हणाला. "फलाटावरच सांगतो. एवढ्या लांब आल्यावर उलट्या पावली कोण जाईल?"

"मावशी जातील!"

पण दुसरं काही सुचत नव्हतं. म्याओला तिनं विनवलं, निदान पुष्पचक्रात लाल फुलं तरी घाला. तो म्हणाला, "लाल पुष्पचक्र केलं तर गाव मला वेड्यात काढेल." शेवटी ते दुकानातच ठेवून घ्यायला तो कसाबसा तयार झाला, पण जाताना हळूच विचारलं, "म्हणजे आजी आहेत ना नक्की?"

दुसऱ्या दिवशी देशेंग दहाला स्टेशनवर गेला. साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली. मावशींना आगगाडीतल्या लोकांसमोर रडायला संकोच वाटेल, म्हणून वेन्तांगनं मित्राची मोटार आणली होती. अंगणात पीच फळाच्या आकाराच्या, वाफवलेल्या गुलाबी पावांची चळत रचलेली, पाहुणे भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेले, आणि बाहेरून हंबरडा ऐकू आला.

"ताई गं! मला एकटीला टाकून कशी गेलीस गं!"

पाहुण्यांचे हात जागच्या जागी थांबले. चुनयान दाराकडे धावली. काळे कपडे घातलेल्या, छातीवर पांढरं फूल टाचलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मावशी उंबरठ्याबाहेरच गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि वेन्तांग त्यांना सावरत होता.

"मावशी, ऐका माझं..."

"तू बाजूला हो! मला बोलू दे तिच्याशी! ताई गं, ते नूडल्स तू माझ्या दातांसाठी कापलेस गं! मला तेव्हाच कळलं होतं गं! दुसऱ्याच दिवशी कळलं होतं गं!"

"मग अठरा वर्षं सांगायला काय झालं होतं?"

मावशींचा हंबरडा मध्येच तुटला. उंबरठ्याच्या आत, लाल कोटात, कमरेवर हात ठेवून लान्यिंग उभ्या होत्या. वेन्तांगनं आईला सोडलं आणि भिंत धरली.

"तू..." मावशींनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. "तू मेली नाहीस?"

"अजून तरी नाही. सवड झाली नाही."

"मग मला वाडगा का पाठवलास?"

"नव्वदीचा आहे तो! तुझ्या सासरच्या गावाला उलटी खोपडी आहे, त्याला मी काय करू?"

मावशींचे डोळे पुन्हा भरून आले, पण आता रागानं. त्यांनी छातीवरचं पांढरं फूल उपटलं आणि फेकायला जागा मिळेना म्हणून वेन्तांगच्या खिशात कोंबलं. "वेन्तांग, मोटार वळव. ही जिवंत असताना मी या घरात पाऊल टाकणार नाही."

अंगणात कुणी शेंगही फोडेना.

लान्यिंग मागे वळल्या. "चुनयान, ते टेबल इकडे आण. उंबरठ्यावर ठेव. अर्धं आत, अर्धं बाहेर. आणि तिला खुर्ची दे, गुडघे तिचे पहिल्यापासूनच नाजूक आहेत."

टेबल आलं. उंच उंबरठ्यावर ते एका बाजूला कलत होतं, म्हणून वेन्तांगनं आपला बूट त्याखाली सरकवला. एकीकडे लाल कोट, दुसरीकडे काळा. नूडल्स आले. मावशींनी एक टोक काड्यांनी धरून पार डोळ्यांपर्यंत उचललं, तरी दुसरं टोक सापडेना.

"या वेळी कापले नाहीस?"

"हिंमत आहे माझी?"

"आता हे मी कसे खाऊ? कवळी सैल झालीय माझी."

लान्यिंगनी सुनेकडे हात केला. चुनयाननं स्वयंपाकघरातली कात्री आणून दिली. सगळ्या पाहुण्यांदेखत नव्वदीच्या बाईनं बहिणीच्या वाडग्यातले नूडल्स कापले आणि बहिणीनं ते मुकाट्यानं खाल्ले. देशेंग बारा वाजता स्टेशनवरून हताश होऊन परतला आणि दारातच त्याला टेबल आडवं आलं. आत जायचं कसं, हे त्याला बराच वेळ समजेना.

संध्याकाळी मोटार गेली. मावशींनी शेवटपर्यंत उंबरठा ओलांडला नाही, की येते म्हणून निरोपही घेतला नाही. फक्त खिडकीतून ओरडल्या, "तो दारातला लसूण उन्हात ठेव! नाहीतर कोंब येतील!"

चुनयान टेबल पुसत होती. मान खाली घालून म्हणाली, "आई, चुकलं माझं. चिठ्ठी मीच विसरले."

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही तिला वाडगा पाठव. चिठ्ठी घालू नकोस."

"पण आई, आता त्यांना ठाऊक आहे. आधी फोन करून विचारतील."

सासूबाई गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "नाही गं," त्या म्हणाल्या. "फोनवर विचारायची तिची छाती नाही व्हायची. ती येऊनच बघेल."